सगळ्यांच्या मागे मर्विन

फाटक लावल्यावर तो ते एकदा हलवून बघायचा. चार पावलं पुढे गेल्यावर वळून पुन्हा बघायचा.

माणसं मेंढरांसारखी मोजायचा. दोन-दोन करून, ओठ न हलवता.

सफरचंद चाकूने कापून खायचा. शेवटची फोड समोरच्याला द्यायचा. समोर कोणी नसलं तर ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचा.

धो धो पाऊस पडत असला तरी म्हणायचा, "जरा ओल आहे."

नकाशा गळ्यात असायचा, प्लास्टिकच्या पिशवीत. तो उघडलेला मी कधी पाहिला नाही. कितीतरी वर्षं तो एकाच घडीवर होता. त्या घडीवर मिलची वाट होती.

शेतकरी भेटला की टोपी काढायचा. मेंढी भेटली की नुसतं "मॉर्निंग" म्हणायचा.

मर्विन गारसाइड. वय एकाहत्तर. थॉर्नक्लफ आणि वरच्या सगळ्या वाड्यावस्त्यांवर त्याने एकोणचाळीस वर्षं टपाल वाटलं. लग्न केलं नाही. त्याला जाऊन आता चार महिने झाले. मी हे लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले.

मी त्याला दोनच वर्षं ओळखत होते. साहित्याची पदवी घेऊन मी घरी परतले होते, आणि त्या पदवीचं काय करायचं हे मला किंवा कुणालाच माहीत नव्हतं. आई म्हणाली, "दिवसभर पांघरुणात पुस्तकं वाचायला पदवी कशाला हवी होती? ते तर तू दहाव्या वर्षीही करत होतीस." तिने वाचनालयातून एक कागद आणून माझ्या उशीवर ठेवला. चालणारी मंडळी. दर रविवारी सकाळी दहा वाजता, चर्चच्या फाटकाशी. तीन रविवार येऊन बघा, चौथ्याला नाव लिहा.

पहिल्या रविवारी तिथे चौदा जण होते. माझ्यानंतर सगळ्यात लहान बाई बासष्टची.

पुढारी ब्रेंडा ऑल्ड्रॉइड. आमच्याच शाळेत ती जेवण वाढायची, आणि मी वाटाणे टाकायचे हे तिच्या अजून लक्षात होतं.

"हेटी? वाटाणेवाली?" ती म्हणाली. "बूट बघू. अगं बाई! नाचायला निघालीस की काय?"

"असू दे गं ब्रेंडा," मागून कोणीतरी म्हणालं. "माझ्याबरोबर चालेल ती. मागे कोण बघतंय बूट?"

मी वळले. दंडाला पिवळा पट्टा बांधलेला एक उंच, वाकलेला माणूस माझ्या बुटांकडे पाहतच होता.

"थँक यू, मिस्टर..."

"मर्विन म्हण. मिस्टर गारसाइड माझा बाप होता. त्याला सगळ्यांनी मिस्टर म्हटलेलं आवडायचं. मेला बिचारा, पण आवड गेली नसेल."

पुढे ब्रेंडा, शेवटी मर्विन, आणि मध्ये आम्ही सगळे. दर फाट्यावर ब्रेंडा थांबायची. मर्विन मागून येऊन हात वर करायचा. हात वर म्हणजे सगळे आले. मगच पुढे.

"पुढचा वाट चुकला तर चालतं," त्याने मला सांगितलं. "एवढ्याशा देशात कुठे जाणार? कुठूनही खाली उतरलं की पब लागतो. मागच्याने माणूस चुकवायचा नसतो."

त्या दिवशी आम्ही मिलच्या वाटेने गेलो. ती क्लेगच्या शेतातून, गावाच्या वरच्या अंगाने, ओढ्यापर्यंत उतरते. उतरायची. ओढ्याकाठी सूतगिरणी होती. आता तिची नुसती चिमणी आहे. वाटेवर लांबट दगडी फरशा होत्या आणि प्रत्येक फरशी मधोमध झिजलेली. त्या खळग्यांत पाणी साचलेलं.

"पाय घालू नकोस," मर्विन म्हणाला. "थांब. घाल. एकदा घालून बघ."

मी पाऊल ठेवलं. माझा नाचायचा बूट त्या खळग्यात बरोबर बसला.

"लाकडी तळव्यांचे बूट घालायच्या बायका," तो म्हणाला. "पहाटे साडेपाचला. दोनशे बायका. माझी आई सव्वीस वर्षं गेली इथून. तिचा मृत्यूचा दाखला आहे माझ्याकडे, पण तो कागद. ही इथे ती आहे."

एवढं बोलून तो फाटक लावायला मागे गेला. मी चौथ्या रविवारची वाट पाहिली नाही. संध्याकाळीच ब्रेंडाला फोन करून नाव लिहायला सांगितलं.

पुढच्या मार्चमध्ये वाट बंद झाली.

म्हातारा जॉन क्लेग वृद्धाश्रमात गेला होता. मुलाने शेत विकलं. नवा मालक शहरातून आलेला. त्याने फाटकाला साखळी घातली, वर काटेरी तार लावली आणि पाटी टांगली. खाजगी.

आम्ही चौदा जण त्या पाटीसमोर उभे होतो. कोणी शिवी दिली नाही. कोणी तारेला हात लावला नाही.

"असं होय," ब्रेंडा म्हणाली.

मग आम्ही वळलो आणि डांबरी रस्त्याने गेलो. दीड मैलांचा वळसा. सगळा चढ, बाजूला पाऊलवाट नाही, एकामागोमाग एक चालायचं, आणि गाडी आली की भिंतीला चिकटायचं. मर्विन शेवटी. वर पोचल्यावर त्याने हात केला तेव्हा तो खांद्याच्या वर गेला नाही. दमलाय, असं मला वाटलं. एवढा चढ, कोणीही दमेल.

ब्रेंडा कौन्सिलमध्ये जाऊन आली ती फॉर्मांचा गठ्ठा घेऊनच. वहिवाट सिद्ध करायची. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने उघडपणे, भांडण न करता, आपलीच समजून चालत आले असले तर ती वाट कोणालाही बंद करता येत नाही. चालणाऱ्यांनी तसं लिहून द्यायचं. एकेकाने एकेक फॉर्म, चौदा प्रश्न, नकाशा, सही.

"हे मी करतो," मर्विन म्हणाला. त्याने आपणहून काही मागून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग मला म्हणाला, "पोरी, तू साहित्यवाली. तुला कागद वाचता येतात. बुधवारी येत जा."

मी बुधवारी जाऊ लागले. त्याच्या स्वयंपाकघरात टेबल होतं, दोन खुर्च्या, आणि खिडकीत आईचा डबा. कामावर तिचं जेवण तो लहानपणी त्याच डब्यातून न्यायचा. चहा आणि आल्याचा केक व्हायचा. मी प्रश्न वाचायचे. लोक यायचे, उत्तरं सांगायचे, भांडायचे.

"कुठल्या सालापासून चालताय?"

"माझ्या पहिल्या नवऱ्यापासून."

"साल सांगा हो."

"तेच आठवायचं नाही म्हणून तर दुसरा केला."

मर्विन हसायचा तेव्हा आवाज यायचा नाही. नुसते खांदे हलायचे.

उन्हाळाभर आणि पानगळीपर्यंत अकरा फॉर्म जमले. मंडळीतल्या आर्नल्ड बूथ यांनी सही केली आणि नऊ दिवसांनी ते गेले. मर्विनने त्यांचा फॉर्म वेगळ्या पाकिटात ठेवला. बारावा त्याचा स्वतःचा. सगळ्यांत जास्त वर्षं त्याचीच होती. तो शेवटी भरायचा, असं त्याने ठरवलं होतं. सवयीने.

ऑक्टोबरच्या शेवटच्या बुधवारी त्याने कपाटावरून बिस्किटांचा एक डबा काढला. आत मंडळीच्या कार्यक्रमाच्या पुस्तिका होत्या, बावीस वर्षांच्या. सगळ्या त्यानेच टाइप केलेल्या. कुठल्या रविवारी कुठे, किती मैल, चहा कुठे.

"पुरावा," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. त्याला अभिमान वाटला की कान लाल व्हायचे. "मिलची वाट दरवर्षी आहे. जानेवारीचा पहिला रविवार. तारखा उतरव."

मी पहिली पुस्तिका उघडून मोठ्याने वाचलं. "मिलची वाट. पाच मैल. शेवटी चहा. श्री. जॉन क्लेग यांच्या कृपापूर्ण परवानगीने."

दुसरी उघडली. कृपापूर्ण परवानगीने. तिसरी. मी शेवटची उघडली.

"मर्विन, ही ओळ काय आहे?"

"कुठली?"

"परवानगीने."

"मग? त्याचं शेत आहे ना. दर डिसेंबरात जायचो मी त्याच्याकडे. घरची आलुबुखाराची जिन न्यायचो एक बाटली. म्हणायचो, जॉन, यंदाही तुझ्याकडून जाऊ ना? तो म्हणायचा, फाटक लावा म्हणजे झालं. दरवर्षी तेच. एका वर्षी तो आजारी होता, तर पलंगावरून म्हणाला."

"दरवर्षी विचारलंत?" मी त्या दिवशी त्याला अहो-जाहो केलं. का, ते मला माहीत नाही.

"न विचारता कसं जाणार? चोर आहोत का आपण?"

मी फॉर्म त्याच्यासमोर ठेवला आणि नवव्या प्रश्नावर बोट ठेवलं. ह्या वाटेने जाण्यासाठी तुम्ही अथवा इतर कोणी कधी मालकाची परवानगी घेतली होती का? होय. नाही. दोन चौकोन. खाली बारीक अक्षरांत टीप होती. परवानगीने केलेलं चालणं वहिवाट धरलं जात नाही.

त्याने चष्मा लावला. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"म्हणजे न विचारता गेलो असतो," तो म्हणाला, "तर वाट आपली झाली असती."

"हो."

"आणि विचारलं म्हणून नाही."

"हो."

"जॉनला नको असतं तरी."

"नको असतं आणि तो काही बोलला नसता, तरी."

त्याने सुरी घेतली आणि केकचे तुकडे केले. दोघांत आठ तुकडे. कोणीच खाल्ले नाहीत.

"आईनं शिकवलं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या उंबऱ्यातून जाताना विचारावं." मग उठून त्याने किटली पुन्हा ठेवली. ती भरलेलीच होती.

मी तीन वर्षं वाक्यांचे निरनिराळे अर्थ लावायला शिकले होते. ह्या वाक्याला एकच अर्थ होता.

पुढच्या बुधवारी ब्रेंडा आली. मीच तिला सांगितलं होतं. ती कोट न काढताच बसली.

"बाकीच्या अकरा जणांनी 'नाही'वर खूण केलीय. मीपण."

"तुम्हाला माहीत नव्हतं," मर्विन म्हणाला.

"पुस्तिकेत छापलंय ना?"

"बावीस वर्षं छापलंय."

"कोण वाचतं रे ते? मी वेळ बघते आणि चहा कुठे आहे ते बघते." तिने डबा आपल्याकडे ओढला. "आज पाच नोव्हेंबर, शेकोट्यांची रात्र. सगळं गाव शेकोट्या पेटवतंय. एक डबा जास्त जळाला तर कोणाला कळणार आहे?"

"मला."

"तुला कळून काय होणार आहे? त्या माणसाने चार ओळी तार लावली तेव्हा तुला विचारलं का?"

"नाही."

"तुझ्या आईच्या वाटेला कुलूप लागलंय, मर्विन. एक खूण करायची आहे. एक. पेन्सिलीने नको, पेनाने."

"सही करायची आहे गं खाली. वर लिहिलंय, हे सर्व खरं आहे."

"तू टपालातच राहायला हवा होतास," ब्रेंडा म्हणाली. "पत्र कोणाचंही असो, पोचवणारच." ती रागावली होती. तिचे डोळे भरले होते. जाताना तिने सांगितलं, महिनाअखेरीला बाराही फॉर्म कौन्सिलमध्ये द्यायचे. मर्विनचा फॉर्म 'होय' असला तर एकही द्यायचा नाही, कारण आता कळल्यावर तिच्याने तिचाही देववणार नाही.

डबा जाळला नाही. तिनेही नाही. ती तो उचलून नेऊ शकली असती.

तो दारापर्यंत मला सोडायला आला. खालच्या मैदानात शेकोटी पेटली होती आणि पोरं ओरडत होती.

"काय करणार?" मी विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. मी तसंच धरलं. पण काय नाही, ते मी विचारलं नाही.

नोव्हेंबरचा तिसरा रविवार. धुकं. आम्ही तेरा जण होतो. तोवर माझ्याकडे चांगले बूट आले होते आणि ब्रेंडाने मला पुढे घेतलं होतं. नकाशा वाचायला शिक, म्हणाली. आम्हाला काय कायमचं चालायचंय? त्यामुळे महिनाभर मी मर्विनबरोबर मागे नव्हते. मला पुढे चालायला आवडत होतं. हेही लिहायला हवं.

वाट बंद, म्हणून डांबरी रस्त्यानेच गेलो. दीड मैल चढ. धुक्यात मागचे चार जण दिसत होते, त्यामागे काही नाही. वरच्या वळणावर ब्रेंडा थांबली.

"सगळे आले?"

"आले!" मागून आवाज आला.

कोणी म्हटलं ते अजून कळलेलं नाही. सगळे म्हणतात, मी नाही. ब्रेंडा म्हणते, आवाज पुरुषाचा होता. हात दिसला का, हे तिने विचारलं नाही. धुक्यात हात कसा दिसणार? तिने माणसं मोजली. बारा भरली. आम्ही तेरा असलो की मर्विन बाराच सांगायचा. तो स्वतःला सोडून मोजायचा. इतक्या वर्षांत आम्हा सगळ्यांना त्याच्याच आकड्याची सवय झाली होती.

पबमध्ये तेरा कप चहा मागवला. एक उरला.

"फाटक लावत असेल," कोणीतरी म्हणालं.

"हलवून बघत असेल."

सगळे हसले. मीही. त्या चहावर साय धरली तेव्हा ब्रेंडा उठली.

तो रस्त्याच्या अर्ध्यात सापडला. साखळी लावलेल्या फाटकाशेजारी, दगडी भिंतीवर बसलेला. पाठ भिंतीच्या उंच भागाला टेकलेली. तोंड शेताकडे. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. दंडावरचा पट्टा धुक्यातही दिसत होता. आम्ही परत येताना तो दिसला, जाताना कोणी मागे वळून पाहिलंच नव्हतं.

हृदय, डॉक्टर म्हणाले. लवकर कळलं असतं तरी फरक पडला नसता. डॉक्टर तसं म्हणतातच. खिशात रुमाल होता, रुमालात सफरचंदाची फोड. ती काळी पडली होती.

मंडळी आता सात जणांची आहे. ब्रेंडाकडे नावांची यादी असते. दर फाट्यावर ती नाव घेऊन हजेरी घेते, आणि तो पिवळा पट्टा तिच्या पिशवीत तळाशी आहे. कोणी मागत नाही. मी दोनदा गेले, मग गेले नाही. आर्नल्ड बूथ धरून अकरा फॉर्म तिच्या कपाटात आहेत. महिनाअखेर कधीच गेली. गेल्या आठवड्यात बसमधून मला त्या फरशा दिसल्या. नव्या मालकाने त्या उकलून अंगणाच्या कडेला रचल्या आहेत. झिजलेली बाजू खाली केली आहे, वर सपाट येते म्हणून.

मर्विनची भाची हल्ल शहरातून घर आवरायला आली होती. टेबलावरच्या कागदांवर माझं नाव आहे, असं तिने फोन करून सांगितलं. पुस्तिकांचा डबा आणि बारावा फॉर्म. दोन्ही माझ्याकडे आहेत.

फॉर्म त्याच्या टपालातल्या अक्षरात आहे, ठळक आणि सुटं. एक ते आठ भरलेले. किती वर्षं, त्रेसष्ट. कशासाठी, आईचा डबा, नंतर टपाल, नंतर रविवार. दहा ते चौदा भरलेले. नकाशावर वाट लाल शाईने काढली आहे, आणि प्रत्येक फाटकापाशी एक छोटी आडवी रेघ, लावलेलं दाखवायला.

नवव्यात काही नाही. बाजूला समासात पेन्सिलीने लिहिलं आहे : जॉनला विचारायचं. मंगळवारी.

जॉन क्लेग उन्हाळ्यापासून स्वतःच्या मुलालाही ओळखत नाही. मर्विनला ते माहीत होतं. तो त्याला दर महिन्याला भेटून यायचा.

तो रविवारी गेला. दोन्ही चौकोन कोरे आहेत. सहीची जागाही.